स्टँडर्ड

मराठीत ‘स्टँडर्ड’ हा शब्द कौतुकाचा आहे. हॉटेल स्टँडर्ड आहे म्हणजे घरच्या माणसांना बिनदिक्कत घेऊन जावं. लग्न अगदी स्टँडर्डमध्ये झालं म्हणजे मुलीच्या वडिलांनी कुठं हात आखडता घेतला नाही. ‘आपल्या स्टँडर्डचं नाही’ असं म्हणतानाही नजर वरच असते. इंग्लंडात हाच शब्द पन्नास वर्षांत वरून खाली आला, आणि येताना कॉव्हेंट्रीतल्या एका मोटार कंपनीचं नाव घेऊन खाली आला. १९६३ साली तिथं स्टँडर्ड नावाची शेवटची गाडी बनली. आपल्याकडं मद्रासमध्ये मात्र त्या नावाच्या गाड्या पुढं पंचवीस वर्षं बनत राहिल्या, आणि त्या नावात कमीपणा आहे असं कुणाला वाटलं नाही.

स्टँडर्ड मोटर कंपनी १९०३ साली रेजिनाल्ड मॉड्स्ली यांनी कॉव्हेंट्रीच्या मच पार्क स्ट्रीटवर सुरू केली. हे आडनाव यंत्रशाळेत काम करणाऱ्याला ठाऊक असायला हवं. त्यांचे पणजोबा हेन्री मॉड्स्ली यांनी आटे पाडणारा अचूक लेथ तयार केला. त्याआधी आटे हातानं पाडत, त्यामुळं प्रत्येक नटाला त्याचा ठरलेला बोल्ट असे. खोललेल्या यंत्राचे नट-बोल्ट एकत्र मिसळले की जोड्या लावण्यात अख्खा दिवस जायचा, आणि एक हरवला तर दुसराही भंगारात. मॉड्स्लींनी आपल्या कारखान्यापुरते आटे एकसारखे केले. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली ते माप देशभरासाठी मांडलं. आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत बीएसडब्ल्यू, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ, म्हणून जो आटा मागतात, तो हाच.

अशा घराण्यातल्या माणसानं गाडीला ‘स्टँडर्ड’ म्हणावं यात जाहिरातबाजी अजिबात नव्हती. कसोटीला उतरलेल्या, एकमेकांच्या जागी बसणाऱ्या भागांची गाडी, एवढाच अर्थ. त्या काळात एकाच कारखान्यातल्या दोन गाड्यांचे भाग कानशीनं घासल्याशिवाय एकमेकांना बसत नसत. त्या काळात असं नाव देणं ही केवढी मोठी हमी होती! पहिली गाडी एका सिलिंडरची, तीन गिअरची, मागच्या चाकांना शाफ्टनं ताकद देणारी. दोन-तीन वर्षांत सहा सिलिंडरच्याही आल्या.

लंडनचे विक्रेते चार्ल्स फ्रिसवेल १९०७ मध्ये कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या खटपटीनं १९११ च्या दिल्ली दरबारासाठी बादशहाच्या ताफ्याला स्टँडर्डच्या सत्तर गाड्या पुरवल्या गेल्या. पंचम जॉर्ज २ डिसेंबरला मुंबईत अपोलो बंदरावर उतरले, त्याची आठवण म्हणून तिथं पुढं गेटवे उभा राहिला. सत्तर गाड्यांची मात्र कुठं पाटीही नाही. हिंदुस्थानशी या कंपनीचं नातं त्या थंडीत सुरू झालं.

पहिल्या महायुद्धात कॅनली गावाजवळ नवा कारखाना झाला आणि तिथं हजारावर विमानं बनली. १९२० च्या दशकात कंपनी एकदा तरली, एकदा बुडता बुडता राहिली. १९२९ साली हिलमन कंपनीतून कॅप्टन जॉन ब्लॅक आले आणि त्यांनी हिशेब, उत्पादन, माणसं, सगळं मुठीत घेतलं. मॉड्स्ली १९३४ मध्ये वारले. याच काळात विल्यम लायन्स स्टँडर्डची चेसिस आणि इंजिनं घेऊन त्यांवर आपल्या देखण्या बॉड्या चढवत होते. त्यांच्या कंपनीचं नाव पुढं जॅग्वार झालं. धाकट्याला हात देणाऱ्या थोरल्याला नंतर कुणी विचारत नाही, ते इथंही झालं.

दुसऱ्या महायुद्धात मॉस्किटो विमानं बनवून झाल्यावर ब्लॅक यांनी तीन निर्णय घेतले. कंपनीचं पुढचं सगळं बरंवाईट त्यांतून आलं. १९४४ च्या अखेरीस त्यांनी दिवाळखोरीत निघालेली ट्रायम्फ कंपनी विकत घेतली. तिच्या कारखान्यावर १९४० मध्ये बाँब पडले होते, त्यामुळं हाती आलं ते मुख्यतः नाव. दुसरा निर्णय हॅरी फर्ग्युसन यांचा ट्रॅक्टर बॅनर लेनच्या युद्धकाळातल्या कारखान्यात बनवण्याचा. आणि तिसरा, सगळी जुनी मॉडेलं बंद करून जगभर एकच गाडी विकण्याचा. ती गाडी म्हणजे व्हॅनगार्ड.

व्हॅनगार्ड जाहीर झाली १९४७ मध्ये, रस्त्यावर आली १९४८ मध्ये. दिसायला लहान अमेरिकन गाडी. पाठ भुंग्यासारखी उतरती, पुढं-मागं अखंड बाकं, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. पण खरी गोष्ट बॉनेटखाली होती. ट्रॅक्टरलाही आणि गाडीलाही चालेल असं एक चार सिलिंडरचं इंजिन कंपनीनं काढलं, आणि त्याचे सिलिंडर ब्लॉकमध्ये कोरण्याऐवजी सुटे लायनर म्हणून बसवले. हे ओले लायनर. म्हणजे लायनरच्या बाहेरच्या अंगाला थेट रेडिएटरचं पाणी लागतं. झिजलेलं इंजिन बोरिंगला पाठवायला नको. जुने लायनर वर खेचा, नवे लायनर-पिस्टन-रिंगा जोडीनं बसवा, आणि ब्लॉक पुन्हा नवा. शहरापासून शंभर मैलांवर शेतात बंद पडलेल्या ट्रॅक्टरसाठी याहून चांगली रचना मला तरी सुचत नाही. हेन्री मॉड्स्लींच्या नट-बोल्टाचाच हा विचार, सिलिंडरपर्यंत पोचलेला.

या इंजिनाचं काम ज्यांना करायचं आहे त्यांनी तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

लायनर ब्लॉकमधल्या एका पायरीवर टेकतो, आणि दोन शेजारच्या लायनरांच्या बुडाशी मिळून इंग्रजी आठच्या आकाराचं एक पातळ पॅकिंग असतं. खाली ऑइल, वर पाणी, मध्ये फक्त हे पॅकिंग. लायनर बसल्यावर त्याची वरची कड ब्लॉकच्या सपाटीपेक्षा तीन ते पाच थाउ, म्हणजे ०.०७५ ते ०.१२५ मिलिमीटर, वर राहिली पाहिजे. हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, कसलं की ती वर आलेली कडच दाबली जाते. खालचं पॅकिंग आवळलं जातं, वर हेड गॅसकेट घट्ट बसतं. कड सपाटीला मिळाली किंवा खाली गेली की दोन्हीकडं गळती. ब्लॉकवर पट्टी आडवी धरून फिलर गेजनं प्रत्येक लायनर दोन-तीन जागी मोजावा. चारही लायनर सारखे आले पाहिजेत. एकच खाली असेल तर लायनरला दोष देण्याआधी पायरी बघावी. तिथं जुन्या सोल्युशनचा पापुद्रा किंवा गंजाचा खपला उरला की लायनर तिरका बसतो. पायरी लाकडाच्या किंवा पितळेच्या तुकड्यानं खरवडावी, पोलादी छिन्नीनं नव्हे, कारण एक ओरखडाही पाण्याला वाट करून देतो.

दुसरी गोष्ट हेड काढल्यानंतरची. हेड वर नसलं की लायनर नुसता टेकून उभा असतो. अशा वेळी क्रँक, म्हणजे पिस्टन वरखाली करणारा खालचा दांडा, फिरवला तर वर जाणारा पिस्टन रिंगांच्या पकडीनं लायनरलाही केसभर उचलतो. डोळ्याला काही दिसत नाही, पण बुडाचं पॅकिंग सुटलेलं असतं. व्हॉल्व्हचं साधं काम करायला उघडलेलं इंजिन महिन्याभरात चेंबरमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या भांड्यात, पाणी घेऊन परत येतं ते यामुळं. म्हणून हेड उतरवल्याबरोबर हेडच्या स्टडवर पाइपाचे तुकडे आणि जाड वॉशर चढवून लायनर वरून दाबून धरावेत. क्रँकला हात त्यानंतर.

तिसरी पारख सोपी आहे. गाडी रात्रभर उभी राहू द्यावी. सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा ड्रेन प्लग हळूहळू सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं. पॅकिंग गेलं असेल तर पहिले थेंब पाण्याचे पडतात. ऑइल मोजायच्या दांडीवर दुधाळ ऑइल दिसेपर्यंत थांबलात तर तोवर बेअरिंगांना मार बसलेला असतो. आणि ब्लॉक उघडलाच आहे तर लायनरांच्या भोवतीचा गाळ पूर्ण काढावा. वर्षानुवर्षं साधं पाणी भरलेल्या गाड्यांत तो इतका घट्ट बसतो की ब्लॉकचा नळ उघडूनही थेंब येत नाही. तारेनं टोकरून काढावा लागतो.

या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ९२ मिलिमीटर. तो कायम राहिला आणि बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, गरजेप्रमाणं बदलत गेला, कारण लायनर बदलला की बोअर बदलला. ट्रॅक्टरला आधी ८० मिलिमीटर, १८५० सीसी. व्हॅनगार्डला ८५, म्हणजे २०८८ सीसी. शर्यतींतला दोन लिटरचा वर्ग गाठायचा होता म्हणून ट्रायम्फ टीआर टू या स्पोर्ट्स गाडीला ८३, म्हणजे १९९१ सीसी. तिची खास तयार केलेली गाडी मे १९५३ मध्ये बेल्जियममधल्या याबेके इथं ताशी १२४ मैलांवर गेली. नांगर ओढणारं आणि विक्रम करणारं इंजिन एकाच घरचं, असं उदाहरण मोटारीच्या इतिहासात फार थोडं सापडेल.

फर्ग्युसनच्या करड्या टीई ट्वेंटी ट्रॅक्टरांची संख्या दहा वर्षांत पाच लाखांवर गेली. त्याच्यानंतरचा पस्तीस नंबरचा ट्रॅक्टरही स्टँडर्डनंच बनवायला घेतला. त्यातलं स्टँडर्डचं डिझेल इंजिन थंडीत सुरू व्हायला कमालीचं हट्टी होतं. डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात फवारलं जायचं, आणि थंड लोखंडाच्या त्या कप्प्यात दाबलेल्या हवेची उष्णता विझून जायची. मॅसी फर्ग्युसननं १९५९ मध्ये पर्किन्स कंपनी घेतली आणि तिचं तीन सिलिंडरचं इंजिन त्यात बसवलं, तेव्हा हे दुखणं गेलं. मद्रासच्या टाफे कंपनीनं साठच्या दशकात मॅसी फर्ग्युसन भारतात बनवायला घेतला. आपल्या उसाच्या पट्ट्यात ज्या मॅसी १०३५ ट्रॅक्टरनं दोन पिढ्यांची शेती ओढली, त्याचं मूळ गोत्र बॅनर लेनचं.

आता नावाकडं येतो.

एकाच मॉडेलवर कंपनी फार काळ चालेना. मग १९५३ मध्ये स्टँडर्ड एट आली. ५८ मिलिमीटर बोअर, ७६ स्ट्रोक, ८०३ सीसी, २६ अश्वशक्ती. ब्लॅक यांचा हुकूम होता की किंमत कमीत कमी ठेवायची. त्यामुळं डिकीला बाहेरून झाकणच नव्हतं, सामान आतून, मागचं बाक पाडून कोंबायचं. दारांच्या काचा खालीवर होत नसत, बसच्या खिडकीसारख्या सरकवायच्या. चाकांना हबकॅपही नाहीत. यंत्र म्हणून गाडी नेटकी, हलकी, इंधनाला बेताची होती. तिचंच मोठं भावंड टेन ही १९५५ ची आरएसी रॅली जिंकली. पण युद्धानंतरच्या टंचाईतून नुकत्याच बाहेर पडलेल्या लोकांना आणखी काटकसर नको होती. इतर कंपन्यांनी प्रत्येक मॉडेलचे दोन प्रकार काढायला सुरुवात केली होती, साधा तो स्टँडर्ड आणि भरजरी तो डिलक्स. त्या एका पद्धतीनं मॉड्स्लींच्या शब्दाचा अर्थ पार फिरवला. स्टँडर्ड म्हणजे ज्यात काही नाही ते. आणि नेमक्या त्याच वेळी स्टँडर्ड कंपनीनं डिकीला झाकण नसलेली गाडी बाजारात आणली. यंत्रात चूक नव्हती. चूक झाली ती शब्दाचा वारा कुठं वाहतोय हे न ओळखण्यात, आणि ही चूक मला लायनरच्या गळतीपेक्षा मोठी वाटते.

अमेरिकेत स्टँडर्ड टेन विकायची वेळ आली तेव्हा तिच्यावर ट्रायम्फचं नाव लावलं. दिवाळखोरीतून उचललेलं नाव मालकाच्या नावापेक्षा वरचढ ठरलं होतं.

ब्लॅक तोवर कंपनीतून गेले होते. नोव्हेंबर १९५३ मध्ये बॅनर लेनच्या फाटकाशी त्यांच्या गाडीला अपघात झाला, ते जबर जखमी झाले, आणि जानेवारी १९५४ मध्ये संचालकांनी त्यांना पायउतार व्हायला लावलं. त्यांच्या जागी सदतीस वर्षांचे अ‍ॅलिक डिक आले. डिक यांच्यासमोर मोठा पेच बॉडीचा होता. एट आणि टेनच्या बॉड्या बनवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी प्रतिस्पर्धी बीएमसीनं विकत घेतली होती आणि नव्या गाडीसाठी बॉडी मिळण्याची आशा उरली नव्हती. एकसंध बॉडी दाबून काढण्याएवढी यंत्रं स्टँडर्डकडं नव्हती. मग मुख्य अभियंते हॅरी वेबस्टर यांनी उलटा रस्ता धरला. खाली जुन्या पद्धतीची स्वतंत्र चेसिस, आणि वर बॉडी तुकड्यातुकड्यांत, नट-बोल्टांनी जोडलेली. तुकडे वेगवेगळ्या लहान कारखान्यांतून आणता येतील असे. रूप दिलं इटलीतल्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी. एप्रिल १९५९ मध्ये ही गाडी ट्रायम्फ हेराल्ड म्हणून आली.

अडचणीतून निघालेली ही रचना हेराल्डचं वैभव ठरली. छप्पर बोल्टावर, म्हणून त्याच गाडीची कूपे, उघडी गाडी आणि इस्टेट फारसा खर्च न करता झाली. अख्खं बॉनेट मडगार्डसकट पुढं उलटतं, आणि मेकॅनिक पुढच्या टायरवर बसून इंजिनाचं काम करू शकतो. पंचवीस फुटांच्या वर्तुळात गाडी वळते. गल्लीबोळांत तिचा हात धरणारी गाडी तेव्हा नव्हती.

दोषही त्याच रचनेतले. सांधे म्हटले की गळती आली. छपराचा जोड, पुढच्या-मागच्या भागांचा दारांखालचा जोड, यांतलं रबर सुकलं की पावसात पाणी पायाशी येतं. चेसिस आणि बॉडीमध्ये ठरलेल्या जाडीचे पॅकिंगचे तुकडे असतात. बॉडी उतरवून पुन्हा बसवताना कुठल्या बोल्टाखाली किती तुकडे होते हे लिहून ठेवलं नाही तर दारं कधीच नीट लागत नाहीत. चेसिसच्या बाजूला निघालेले हात गंजतात. ते बदलताना दोन्ही एकदम कापू नयेत, आणि दारं लावूनच वेल्डिंग करावं, म्हणजे फट वाकडी झालेली लगेच कळते.

पण हेराल्डचा जीव आहे पुढच्या चाकाच्या आत. चाक ज्या उभ्या पोलादी दांड्यावर फिरतं, त्याच्या खालच्या टोकाला आटे आहेत, आणि ते आटे पितळी जातीच्या एका ठोकळ्यात फिरतात. त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या ठोकळ्यात स्क्रूसारखा फिरतो. एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे, त्यामुळं अदलाबदल होत नाही. या ट्रनियनमध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल घालायचं असतं. ग्रीस नव्हे. ग्रीस आट्यांत वर चढत नाही, खालीच घट्ट होतं, आणि वरून झिरपलेलं पाणी धरून ठेवतं. मग आट्यांच्या वरच्या टोकाशी पोलाद गंजतं, गंजाच्या खड्ड्यातून तडा सुरू होतो, आणि एक दिवस दांडा तुटून चाक मडगार्डखाली आडवं पडतं. बहुतेकदा हे हळू वेगात, पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर घडतं, कारण आडवा ताण तेव्हा सर्वांत जास्त असतो. हे नशीबच म्हणायचं.

काम पंधरा मिनिटांचं आहे. चाक जॅकवर घ्यावं. ट्रनियनला असलेला छोटा प्लग काढून तिथं निपल लावावं. ग्रीसगन रिकामी करून, धुऊन, तिच्यात गिअर ऑइल भरावं. वरच्या रबरी सीलजवळ ऑइल पाझरेपर्यंत दाबावं, मध्येमध्ये स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवावं. आधी काळं, मग तांबूस, शेवटी स्वच्छ ऑइल येतं. तांबूस आलं तर तो गंज आहे, दांडा उतरवून आटे बघायलाच हवेत. काम झालं की निपल काढून प्लग परत लावावा. कारखान्यानं तिथं निपलऐवजी प्लग दिला तो उगाच नाही. निपल दिसलं की पुढचा पोऱ्या त्यात ग्रीस मारणारच. आपल्याकडं हे काम पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा करावं. नवा ट्रनियन चढवताना आट्यांवर पूर्ण आत फिरवावा आणि मग एका फेऱ्याच्या आत, जिथं पहिल्यांदा बोल्टाच्या रेषेत येईल तिथवर मागं घ्यावा. पूर्ण आवळून ठेवला तर स्टिअरिंग वळवताना तो अडतो आणि दांड्यावर ताण येतो.

मागच्या बाजूला आडवा पाटा आणि दोन्हीकडं झुलणारे ॲक्सल. रिकामी गाडी मागून उंच, भरलेली गाडी मागून फाकलेली. पाच माणसं आणि वळकट्या घेऊन निघालेल्या हेराल्डची मागची चाकं खालून बाहेर पसरतात आणि टायर आतल्या कडेला झिजतो. याउलट एकट्यानं चालवताना वळणावर वेगात आत शिरून घाबरून पाय उचलला, तर बाहेरचं चाक आत मुडपतं आणि शेपूट फिरतं. वळणाच्या आधी वेग कमी करावा आणि वळणात हलका पाय ठेवावा, एवढं पाळलं तर गाडी दगा देत नाही.

हेराल्डनं कंपनी वाचवली असं म्हणता येत नाही. बॅनर लेनचा ट्रॅक्टर कारखाना १९५९ मध्ये मॅसी फर्ग्युसनला विकून आलेला पैसा सुट्या भागांचे कारखाने विकत घेण्यात गेला. पाठोपाठ सरकारनं हप्त्यांवरच्या खरेदीवर निर्बंध आणले, गाड्या अंगणात साचल्या, आणि १९६१ मध्ये ट्रक बनवणाऱ्या लेलँडनं कंपनी घेतली. मे १९६३ मध्ये स्टँडर्ड हे नाव इंग्लंडात थांबलं. त्या जागी आली ती ट्रायम्फ टू थाउजंड.

आणि याच वर्षांत मद्रासमध्ये उलटा प्रवास चालू होता. स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची सुरुवात चाळीसच्या दशकाच्या शेवटी झाली. आधी व्हॅनगार्ड, मग एट आणि टेन, आणि १९६१ पासून हेराल्ड, पण इथं ती स्टँडर्ड हेराल्ड. जी गाडी इंग्लंडात त्या नावानं विकायची सोय उरली नव्हती, तीच इथं त्या नावानं दिमाखात फिरली. अँबॅसॅडर, कुर्ल्याची फियाट आणि ही, एवढ्या तिघींतच निवड होती, आणि तिघींत धाकटी हीच. बोल्टाच्या बॉडीचा फायदा मद्रासनं पुरेपूर उचलला. इंग्लंडात कधीच न झालेली चार दारांची हेराल्ड इथं झाली. सत्तरच्या दशकात तिचीच गॅझेल झाली. मागचे झुलते ॲक्सल जाऊन एकसंध ॲक्सल आला. गुणी बदल होता तो. भरलेल्या गाडीला हेच हवं होतं.

हेराल्ड-गॅझेलचं इंजिन ९४८ सीसी, म्हणजे त्या बिचाऱ्या एटचंच, बोअर ५८ वरून ६३ केलेलं. इंग्लंडात तेच पुढं ११४७, १२९६ आणि १४९३ सीसीपर्यंत ताणलं गेलं आणि १९८० पर्यंत ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये चाललं. त्याचं एक दुखणं जपायला हवं. क्रँक मागं-पुढं सरकू नये म्हणून मागच्या मेन बेअरिंगपाशी दोन अर्धगोल थ्रस्ट वॉशर असतात. ते झिजले की चेंबरमध्ये गळून पडतात, आणि मग क्रँक थेट ब्लॉकलाच खातो. तपासायला दोन माणसं लागतात. एकानं क्लच दाबायचा, दुसऱ्यानं पुढच्या क्रँक पुलीकडं बघायचं. पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढं सरकली तर गाडी चालवू नये. इंजिन न उतरवता, चेंबर आणि मागची बेअरिंग कॅप काढून नवे वॉशर सरकवता येतात. खाचांची बाजू क्रँककडं. उलटे बसले तर काही दिवसांत पुन्हा तेच.

१९८५ मध्ये वंडलूरच्या कारखान्यातून स्टँडर्ड टू थाउजंड निघाली. बॉडी रोव्हर एसडी वनची, जिला १९७७ चा युरोपियन कार ऑफ द इयर सन्मान मिळाला होता. विलायतेत तिच्यात साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन असे. इथं गाडी रस्त्यांच्या मानानं उंच केली आणि आत बसवलं चार सिलिंडरचं जुनं ओल्या लायनरचं इंजिन. गाडी जड, ताकद बेताची, किंमत मोठी, पेट्रोल फार. शेजारून मारुती आठशे निघून जायची. १९८८ च्या सुमारास सगळं थांबलं.

तिचं बॉनेट उघडून माप घेतलं तर १९९१ सीसी. बोअर ८३, स्ट्रोक तोच, ९२ मिलिमीटर.